एक अक्षर जास्तीचं

१४ जानेवारी

शहाण्या,

नमस्कार-चमत्कार गृहीत धर. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती तुझी आठवण येते म्हणून नाही. आईच्या डोक्यात गाठ निघाली आहे. डाव्या बाजूला, कानाच्या वर, आत खोल. तू ज्या गाठीवर संशोधन करतोस तीच, चौथ्या ग्रेडची. नाव लिहीत नाही, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सुरुवात किल्लीपासून झाली. तिला 'किल्ली' म्हणता येईना. "ते दे गं, दाराचं," म्हणाली. मी हसले. मग चमच्याला घड्याळ म्हणाली आणि स्वतःच दचकली. तरी मी आठ दिवस 'वय झालं' म्हणत काढले. लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईनं आठ दिवस घालवले, हे तू मला सुनवायच्या आत मीच लिहून टाकते.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पेशंट टेबलावर असतानाच गाठीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये येतो. तो गोठवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि वीस मिनिटांत आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमसमोर ठेवायचे. मॅडम आत कळवतात, मग सर्जन पुढचं ठरवतात. काप काढायचं काम माझं. माझी जोडीदारीण रजेवर. मॅडम म्हणाल्या, "तू बाहेर बस, आज मी करते." त्यांनी मशीनला हात लावून दहा वर्षं झालीत, सगळे काप फाडून ठेवले असते. म्हणून मीच बसले. आईच्या मेंदूतला वाटाण्याएवढा तुकडा मी चिमट्यानं उचलला, गोठवला, कापला. हात जरासुद्धा हलला नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि मग बेसिनवर जाऊन ओकले.

स्लाइड मॅडमच्या आधी मी पाहिली. एरवी आम्ही पाहत नाही, पाहून करायचं काय? मधला भाग मेलेला आणि त्याच्या भोवती दाटीवाटीनं काळपट-जांभळ्या पेशी, रांग लावून उभ्या. तुझ्या लेखांमधले फोटो असेच असतात. हो, मी तुझे लेख वाचते. उगाच खूश होऊ नकोस.

सर्जन म्हणाले, दिसली तेवढी काढली, पण या गाठीला कडा नसते, तिच्या पेशी मेंदूतल्या तंतूंच्या आधारानं केव्हाच पुढे सरकलेल्या असतात. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे आमच्या घरातल्या दिवट्याला शाळेपासून पाठ असेल.

तू दार आपटून गेलास तेव्हा काय बोलला होतास ते तिला अजून आठवतं का, माहीत नाही. मला शब्दन् शब्द आठवतो. ती म्हणाली होती, "माणसं बरी करायची सोडून उंदरांकडे कुठे निघालास?" आणि तू म्हणालास, "तुझ्यासारखं दुसऱ्यांच्या बोलण्याच्या वायरी खुपसत जन्म नाही काढायचा मला." बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तिनं आपल्या दोघांना वाढवलं, आणि तू त्याला वायरी खुपसणं म्हणालास. तेव्हा ती म्हणाली, "मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही." एवढं एकच तू अगदी आज्ञाधारक मुलासारखं ऐकलंस.

कळवायचं काम केलं. पुढचं तुझं तू बघ.

ताई


९ फेब्रुवारी

सायंटिस्टसाहेब,

तुझं उत्तर आलं. चार वाक्यं. एकात वाईट वाटल्याचं लिहिलंस. दुसऱ्यात जनुकाची तपासणी केली का ते विचारलंस. तिसऱ्यात, गोठवलेल्या तुकड्यातला काही भाग शिल्लक असेल तर तुमच्या संस्थेकडे रीतसर पाठवता येईल का, म्हणून विचारलंस. आणि चौथं, "आईनं बोलावलं का?"

तपासणी केली. गाठीच्या पेशी ज्याच्या जोरावर स्वतःची डागडुजी करतात ते जनुक झाकलेलं असलं तर गोळी लागू पडते, उघडं असलं तर पेशी गोळीचा मार खाऊन पुन्हा उभ्या राहतात, बरोबर ना? आईचं उघडं निघालं. सख्खं जनुकसुद्धा आपल्या बाजूनं नाही. गोळी तरीही चालू आहे, कारण दुसरं द्यायला तुम्ही लोकांनी काही शोधून ठेवलेलं नाही. रक्तातलं औषध मेंदूत शिरू देत नाही असा पहारा रक्तवाहिन्यांवर बसलेला, आणि गाठीला मात्र सगळीकडे मोकळं रान. मी हे तुला का सांगतेय? तू यावर भाषणं देतोस.

रेडिएशनसाठी तिच्या चेहऱ्याच्या मापाची जाळी बनवलीय. जाळी टेबलाला आवळून बसवतात, म्हणजे डोकं हलत नाही. पहिल्या दिवशी ती इतकी घाबरली की बाहेर तिचा आवाज येत होता, आणि मला आत येऊ देईनात. सातव्या दिवसापासून स्वतःच जाळी हातात घेऊन निघते. स्टिरॉइडनं चेहरा सुजून गोल झालाय. भूक अशी लागते की माझ्या ताटातलं उचलते.

तुकडा पाठवलाय. बर्फाच्या पेटीत, सगळ्या सह्यांनिशी. पेटीवर नाव नाही, नंबर आहे. तुझ्या मशीनवर तो नंबर चढेल तेव्हा हातमोजे घालून का होईना, पण तुझा हात आईला लागेल. सहा वर्षांत पहिल्यांदा. तुला आई नको, आईचा तुकडा चालतो. छान आहे.

आणि चौथ्या वाक्याचं उत्तर : नाही. तिनं तुझं नाव काढलेलं नाही.

ताई, नाइलाजानं


२१ मार्च

हे पत्र वाचायला बस. उभ्यानं वाचू नकोस.

मी तुमचा नवा लेख वाचला. मॅडमकडून दोनदा समजावून घेतला. म्हणजे असं, की या गाठीच्या पेशी नुसत्या मेंदूत घुसून बसत नाहीत. त्या मेंदूच्या चांगल्या पेशींशी जोडण्या करतात, त्यांच्या आपापसातल्या बोलण्यात आपली वायर खुपसतात, आणि ते बोलणं जितकं जास्त तितक्या त्या वाढतात. तुम्ही उंदरांत हे पाहिलंत. वाचता वाचता मला हसू फुटलं. एक्स्चेंजमध्ये कुणाची लाइन चोरून ऐकली तर नोकरी जायची. आईनं बत्तीस वर्षांत एकदाही ऐकली नाही, तिच्या मैत्रिणी ऐकायच्या आणि तिला 'सोवळी' म्हणून चिडवायच्या. तिच्याच डोक्यात बसून कुणीतरी चोवीस तास लाइन ऐकतंय, तेही ऐकून ऐकून पोसतंय.

मग हसू थांबलं. कारण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट येते. चित्रांचे पत्ते दाखवते, आईला बोलायला लावते. ती गेली की मी बोलायला लावते. "हे काय आहे? म्हण की. पुन्हा म्हण." आता तू मला सांग, मी तिला बोलायला लावते तेव्हा गाठीला खायला घालते का? तिला गप्प बसवू का? उत्तर देताना तुमच्या सभेतली भाषा वापरू नकोस. हो किंवा नाही.

शब्द जात चाललेत. माणसांची नावं सगळ्यात आधी गेली, मलासुद्धा 'अगं' म्हणते. उरलेले शब्द शेपटाकडून तुटतात. पाण्याला 'पा', उशीला 'उ'. आम्ही पुढचं जोडून घेतो. गेल्या दहा दिवसांपासून एकच धोशा लावलाय. डावा हात कानावर ठेवते, बरोबर गाठीच्या जागी, उजवा हात पुढे करून चिमटीनं हवेत काहीतरी खुपसते, आणि माझ्याकडे बघून म्हणते, "गाठ. घाल."

गाठ घालव. तेवढा 'व' तिच्यानं होत नाही. हातानं सुरी चालवून दाखवते, की कापा, काढा एकदाची. तुमच्या मोठमोठ्या इमारतींना जे जमलं नाही ते ती मला करायला सांगते. आणि मी म्हणते, "हो आई, घालवू हं, गोळी चालू आहे ना." ती मान जोरात हलवते. नाही, नाही. पुन्हा कानावर हात. "गाठ. घाल." दिवसातून दहा-दहा वेळा.

परवा मला वाटलं, तिला बघायची असेल. खरंच आहे की नाही याची खात्री करायची असेल. मी लॅबमधून तिची स्लाइड आणली. नियमात बसत नाही, तरी आणली. खिडकीपाशी धरून दाखवली. म्हटलं, "ही बघ आई, ही गाठ." तिनं स्लाइड हातात घेतली, बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीवर फेकून मारली. मग रडली. काच वेचताना माझं बोट कापलं. इतका राग तिच्यात अजून आहे म्हणून मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, माझ्यावर कशाला? मी इथे आहे. जो नाही त्याच्यावर चिडायचं सोडून माझ्यावर?

ताई


२ मे

उत्तर पोचलं. "उंदरांवरून आईबद्दल काही ठरवू नकोस. तिला बोलू दे. जितकं बोलता येईल तितकं बोलू दे." हे सरळ लिहिलंस याबद्दल आभार. एवढेच आभार.

पुढे लिहिलंस, "ताई, ती बोलावते का? एकदा जरी म्हणाली असेल तर सांग. मी त्याच दिवशी निघतो. न बोलावता आलो आणि मला बघून तिला त्रास झाला तर मी स्वतःला माफ करणार नाही."

वा! म्हणजे तिची अवस्था अशी की तिला उशी म्हणता येत नाही, आणि साहेबांना रीतसर आमंत्रण हवंय! मानपानाचं बघायची ही वेळ आहे का? तू काय रुसलेला जावई आहेस? तिचं तोंड वाकडं झालंय, उजवा पाय ओढला जातो, मी तिला आंघोळ घालते तेव्हा ती लाजून डोळे मिटून घेते. आणि तू दूर बसून विचारतोस, बोलावलं का.

नाही. नाही बोलावलं. साडेतीन महिन्यांत एकदाही नाही. तुझा फोटो कपाटावर आहे, त्याच्याकडेसुद्धा बघत नाही. ती फक्त तिच्या गाठीबद्दल बोलते. तू तिच्या लेखी नाहीस, समजलं? फोन करू नकोस. केलास तर मी उचलणार नाही. मी फोनवर तुझ्याशी बोलले तर ओरडेन, आणि तिचे कान अजून शाबूत आहेत.

ताई


३० मे, सकाळी

हे पत्र लिहून त्याचा फोटो काढून तुला पाठवतेय. पोस्टानं जायला वेळ नाही. तीनदा फोन लावला, तू उंदरांच्या खोलीत असशील, तिथे फोन नेऊ देत नाहीत असं तुझ्या लॅबमधली मुलगी म्हणाली. तिला म्हटलं, बाहेर आला की आधी मोबाइल बघायला सांग.

काल स्पीच थेरपिस्ट आली होती. खरं तर आता तिच्या येण्याला अर्थ उरलेला नाही, आई दिवसाचे वीस तास झोपते. पण काल जागी होती. थेरपिस्टनं पत्ते काढले. कप दाखवला, काही नाही. छत्री, काही नाही. मग टेलिफोनचं चित्र दाखवलं, जुन्या पद्धतीचा, काळा. आई म्हणाली, "गाठ."

थेरपिस्टनं वहीत फुली मारली. मीपण म्हटलं, "हे एकच चालू असतं हो, सगळ्याला गाठच म्हणते."

तेवढ्यात आईनं डावा हात कानावर ठेवला. उजवा हात पुढे करून चिमटीनं काहीतरी खुपसलं. आणि बोलली. पूर्ण, न अडखळता, तिच्या नोकरीतल्या त्या गोड, जरा नाकातल्या आवाजात.

"थांबा हं, गाठ घालून देते."

थेरपिस्ट म्हणाली, "अगं बाई, हे कुठून आलं? यांना कुणाला तरी भेटायचंय का?" मी म्हटलं, "नाही, त्यांच्या डोक्यातली गाठ..."

तुला आठवतं ना? एक्स्चेंजमधल्या बाकीच्या बायका 'जोडून देते' म्हणायच्या. आई एकटी 'गाठ घालून देते' म्हणायची. साहेबानं दोनदा लेखी ताकीद दिली, तिनं बदललं नाही. म्हणायची, जोडायला काय ते लाकूड आहे? माणसाची माणसाशी गाठ घालायची असते. आपण दोघं भांडून अबोला धरला की एका हातात तुझा कान, दुसऱ्या हातात माझा कान, आणि दोन्ही डोकी टक्कर होईपर्यंत जवळ आणून, "थांबा हं, गाठ घालून देते." डावा कान हेडफोनचा. उजवा हात वायरीचा. त्या हातात सुरी कधीच नव्हती. आणि 'गाठ घाल' हे वाक्य तुटलेलं नव्हतं रे. पुरं होतं. तिला जे म्हणायचं होतं ते ती अडीच महिने पुरतं म्हणत होती, 'व' मी जोडला. वीस वर्षं काप काढायला मेणात गाठी बुडवून माझ्या डोक्यात गाठीचा एकच अर्थ उरलाय. मी तिला तिच्या मुलाऐवजी काचेवरचा जांभळा डाग दाखवला. फेकून मारणार नाही तर काय करेल?

नाव येत नव्हतं तिला तुझं. माझं तरी कुठे येत होतं? फोटोकडे बघत नव्हती असं मी लिहिलं. कपाट तिच्या पलंगामागे आहे. तिला मानच वळत नाही तिकडे. हे मला ते लिहितानाही माहीत होतं.

अजून एक. तुकडा पाठवताना तिनं सही केली, तेव्हा तिला बोलता येत होतं. मी फॉर्म वाचून दाखवला, 'संशोधनासाठी' एवढंच. तो तुझ्याकडे जातोय हे सांगितलं नाही. तुझं नाव माझ्या तोंडून निघू नये म्हणून. सांगितलं असतं तर ती तेव्हाच बोलली असती. आणि तुला दर वेळी 'नाही' लिहिताना मला बरं वाटत होतं. खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं, पण बरं वाटत होतं. त्याची शिक्षा मला काय द्यायची ती नंतर दे. आत्ता माझ्यावर चिडण्यात वेळ घालवू नकोस, ते काम मी करतेय.

काल थेरपिस्ट गेल्यावर मी आईच्या पलंगावर बसले. तिचा हात कानावरून खाली घेतला आणि विचारलं, "आई, त्याची गाठ घालून देऊ? आपल्या शहाण्याची?" तिनं डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, की एवढी मोठी घोडी झालीस आणि आत्ता कळलं तुला. मग माझा कान धरला. जोर नव्हता, पण धरला. दुसरा हात पलंगाच्या पलीकडे नेऊन हवेत तुझा कान शोधत राहिली.

मॅडम म्हणाल्या, चार दिवस, जास्तीत जास्त आठवडा. शब्द आता संपले. कालचं वाक्य शेवटचं होतं, त्यानंतर 'पा' सुद्धा नाही. पण ऐकू येतंय. तुझ्या आवाजाला मान वळेल, न वळली तरी तिला कळेल. तुला काय बोलायचं सुचणार नाही हे मला माहीत आहे. वायरींबद्दल बोललास त्याची माफी माग, नाहीतर उंदरांचं सांग, तिला काय, तुझा आवाज हवाय.

आईनं बोलावलंय. तुला हवं होतं ते आमंत्रण हे. एकदा नाही, अडीच महिने, रोज दहा वेळा बोलावलंय, तिच्याकडे उरलेल्या सगळ्या शब्दांत. उंदीर कुणाच्या तरी हवाली कर आणि आज नीघ. पलंगाच्या डाव्या बाजूला तुझी खुर्ची ठेवलीय, तिचा हात तिथपर्यंत पोचतो. आणि आला नाहीस, एका दिवसाचा जरी उशीर केलास, तर नीट लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे.

ताई